छापलेले उत्तर आणि खरे उत्तर

संगणकीय भाषांच्या चाचण्यांतील एका जुन्या पद्धतीचे परीक्षण

उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना नमुना उत्तरपत्रिकेची ओळख वेगळी करून द्यावयास नको. एकाच विषयाच्या हजारो उत्तरपत्रिका अनेक परीक्षक तपासतात, तेव्हा गुणदानात सारखेपणा राहावा म्हणून ती लागतेच. परंतु अनुभवी परीक्षक ती अक्षरशः लावीत नाही. नमुन्यात '१/२' असेल आणि विद्यार्थ्याने '०.५' लिहिले असेल, तर तो गुण कापत नाही. उलट शेवटचा आकडा जुळला, पण वरच्या पायऱ्यांत दोन चुकांनी एकमेकींना झाकून टाकले असेल, तर तो तेथे थांबतो. नमुना उत्तर मदतीसाठी आहे, निवाडा आपण करावयाचा आहे, हे त्याला ठाऊक असते.

हेच काम यंत्राकडे सोपविले तर काय होईल? हा प्रश्न काल्पनिक नाही. पायथन, पर्ल, पीएचपी यांसारख्या संगणकीय भाषा घडविणाऱ्या मंडळींनी हा प्रयोग प्रत्यक्षात केला आहे आणि त्याचे बरेवाईट अनुभव घेतले आहेत. प्रोग्रॅमने पडद्यावर काय छापले ते आधी जपून ठेवलेल्या मजकुराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावयाचे. जुळले तर पास, नाही तर नापास, अशी ही पद्धत आहे. ती सोपी आहे आणि उपयोगीही आहे. पण ती छपाई तपासते, अर्थ तपासत नाही, आणि जपून ठेवलेले नमुना उत्तर मुळात कोठून आले हे कोणी विचारले नाही, तर चूकच प्रमाण होऊन बसते, असे आमचे म्हणणे आहे. शाळा-महाविद्यालयांत प्रोग्रॅमिंग शिकविणाऱ्यांना या परीक्षणाचा उपयोग व्हावा, असा आमचा हेतू आहे.

फेरचाचणी कशासाठी?

संगणकीय भाषा म्हणजे काही एकदा छापून झालेले पुस्तक नव्हे. तिच्यात सतत दुरुस्त्या होतात, नव्या सोयी येतात, जुने भाग अधिक वेगवान केले जातात. अशी एक दुरुस्ती करताना भलतीकडचे काही तरी मोडण्याची भीती नेहमीच असते. नळाची गळती एका ठिकाणी थांबविली की दुसऱ्या सांध्यातून पाणी येऊ लागते, तसाच हा प्रकार. म्हणून प्रत्येक बदलानंतर जुन्या सर्व चाचण्या पुन्हा चालवून पाहतात. काल जे चालत होते ते आजही चालते ना, एवढेच त्यांना सांगावयाचे असते. इंग्रजीत तिला रिग्रेशन टेस्ट म्हणतात. आम्ही या लेखात तिला 'फेरचाचणी' म्हणू.

अशा चाचण्या शेकड्यांनी, पुढे हजारोंनी असतात आणि दिवसातून अनेकदा चालवाव्या लागतात. माणसाने बसून त्या पाहणे शक्य नाही. तेव्हा निवाडा यंत्रालाच करावा लागतो. निवाडा करण्याचा सर्वांत सोपा मार्ग कोणता? दोन मजकूर सारखे आहेत की नाहीत, हे यंत्राला निमिषार्धात सांगता येते. या सोयीतूनच छापील मजकूर ताडून पाहण्याची पद्धत रूढ झाली.

पायथनमध्ये ही पद्धत

पायथन ही भाषा गीडो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या गणित व संगणकशास्त्राच्या संस्थेत असताना घडविली व १९९१ मध्ये प्रथम सर्वांना उपलब्ध केली. तिच्या जुन्या फेरचाचण्यांची मांडणी अगदी साधी होती. प्रत्येक चाचणीचा एक प्रोग्रॅम असे. तो काही छापणारा असला, तर त्याच नावाची एक फाइल दुसऱ्या कप्प्यात ठेवलेली असे आणि तिच्यात अपेक्षित मजकूर असे. चाचण्या चालविणारा प्रोग्रॅम दोन्ही मजकूर ताडून पाही. एक अक्षर जरी इकडचे तिकडे झाले, तरी चाचणी नापास.

भाषेच्या व्याकरणाची चाचणी येथे पाहण्यासारखी आहे. तिच्या अपेक्षित मजकुरात एखाद्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखे क्रमांक दिलेले मथळे होते. चाचणी एकेक भाग पार करी आणि त्या त्या भागाचे नाव छापी. उत्तर बरोबर आहे की नाही, याचा खरा निवाडा आतल्या आत, 'अमुक इतके आले नाही तर चूक म्हणून थांब' अशा वाक्यांनी होत असे. छापील मजकूर हजेरीपटासारखा होता. गाडी कोणत्या स्थानकापर्यंत पोहोचली, एवढेच तो सांगे. म्हणजे छपाई ताडून पाहण्याच्या ऐन भरातही, काळजीपूर्वक लिहिलेल्या चाचण्यांत निवाड्याचे काम छपाईवर सोपविलेले नव्हते.

पुढे टिम पीटर्स यांनी डॉकटेस्ट नावाचे साधन लिहिले व २००१ मध्ये पायथनच्या २.१ या आवृत्तीत ते भाषेबरोबरच मिळू लागले. त्याची कल्पना फार सुंदर आहे. पायथन सुरू केले की पडद्यावर तीन बाणांची खूण येते. तिच्यापुढे आपण वाक्य लिहितो आणि खालच्या ओळीवर यंत्र उत्तर देते. हा संवाद जसाच्या तसा उचलून प्रोग्रॅममधील स्पष्टीकरणाच्या टिपेत ठेवावयाचा. वाचणाऱ्याला तो उदाहरण म्हणून उपयोगी पडतो, आणि डॉकटेस्ट तोच संवाद पुन्हा घडवून आणून उत्तर जुळते का ते पाहते. पाठ्यपुस्तकातील सोडविलेले उदाहरण स्वतःच स्वतःला तपासते आहे, असे म्हणता येईल.

पद्धतीचे श्रेय

दोष दाखविण्यापूर्वी गुण सांगणे न्यायाचे होईल. पहिला गुण असा की ही चाचणी लिहावयास काही वेगळे शिकावे लागत नाही. ज्याला छापावयास येते त्याला चाचणी लिहिता येते. दुसरा असा की अपेक्षित उत्तर डोळ्यांना दिसते. 'चाचणी क्रमांक ४१ नापास' एवढाच शेरा वाचण्यापेक्षा, हवे होते काय आणि आले काय हे शेजारी शेजारी पाहावयास मिळाले तर चूक लवकर सापडते. तिसरा गुण शिक्षकांना विशेष भावेल. अनेक पुस्तकांत उदाहरणे छापलेली असतात आणि भाषा बदलली की ती खोटी पडतात. वाचक मात्र स्वतःलाच दोष देत बसतो. डॉकटेस्टने तपासलेले उदाहरण असे नकळत खोटे पडत नाही. स्पष्टीकरण आणि वस्तुस्थिती यांची फारकत होऊ न देणे, हे या साधनाचे खरे काम आहे व ते ते चोख बजावते.

प्रश्न उभा राहतो तो या साधनाकडे सर्व चाचण्यांचा भार सोपविला की.

पहिला दोष : अर्थ तोच, छपाई वेगळी

०.१ ही संख्या घ्या. संगणक आकडे द्विमान पद्धतीत साठवितो. दशमान पद्धतीत १/३ जसे पुरते लिहिता येत नाही, तसे द्विमान पद्धतीत ०.१ पुरते लिहिता येत नाही. आत जी संख्या साठविली जाते ती ०.१ पेक्षा किंचित मोठी असते. पायथनच्या जुन्या आवृत्त्यांत बाणांच्या खुणेपुढे ०.१ लिहिले की खाली ०.१०००००००००००००००१ असे उत्तर येई. २००९ मधील ३.१ आणि २०१० मधील २.७ या आवृत्त्यांपासून, मूळ संख्या नेमकी ओळखता येईल असे सर्वांत आखूड रूप छापावयाचे असा नियम झाला आणि उत्तर ०.१ असे येऊ लागले. आत साठविलेली संख्या तीच; एक बिटही बदललेला नाही. फक्त छपाई सुधारली. पण ज्यांनी जुना लांबलचक आकडा नमुना उत्तर म्हणून ठेवला होता, त्यांच्या चाचण्या नापास झाल्या.

दुसरे उदाहरण क्रमाचे. पायथनमध्ये 'सेट' म्हणजे संच. संचातील घटकांना क्रम नसतो, हे आपण शाळेतच शिकवितो. छापताना मात्र कोणता तरी घटक आधी छापावाच लागतो. २०११ च्या अखेरीस असे दाखविले गेले की, मुद्दाम निवडलेली नावे पाठवून शब्दकोशासारख्या रचना अतिशय मंद करता येतात व त्यामुळे इंटरनेटवरील सेवा ठप्प पाडता येते. त्यावर उपाय म्हणून २०१२ मधील ३.३ या आवृत्तीपासून पायथनने ही आतली मांडणी प्रत्येक वेळी यादृच्छिक करावयास सुरुवात केली. परिणाम असा की शब्दांचा तोच संच सकाळी एका क्रमाने छापला जाई, तर दुपारी दुसऱ्या. शब्दकोशाच्या रचनेत घातल्या क्रमानेच नोंदी राहतील, अशी हमी २०१८ मध्ये ३.७ या आवृत्तीने दिली. संचाला मात्र आजही क्रम नाही. छपाईवर विसंबलेली चाचणी अशा ठिकाणी कधी पास, कधी नापास होते. अशी चाचणी नसलेली बरी, कारण ती माणसाला इशाऱ्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लावते.

ही गोष्ट जुनी झाली असे कोणी समजू नये. पायथनमध्ये गणितासाठी नमपाय नावाचा संग्रह सर्वत्र वापरतात. २०१८ मध्ये त्याच्या १.१४ या आवृत्तीने सारण्या छापताना मोकळ्या जागा किती सोडावयाच्या हे बदलले, आणि २०२४ मधील २.० या आवृत्तीने नुसते ३.० न छापता त्या संख्येचा प्रकारही तिच्यासोबत छापावयास सुरुवात केली. दोन्ही वेळी गणित तेच राहिले, पण त्यावर आधारलेल्या इतर अनेक प्रकल्पांची नमुना उत्तरे शिळी झाली. जुन्या धर्तीची छपाई हवी असल्यास ती मागता यावी, अशी सोय नमपायला द्यावी लागली.

आपल्या लिपीतही असा एक सापळा आहे. 'दुसऱ्या' हा शब्द संगणकात तीन प्रकारे साठविता येतो. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह असते. दुसऱ्यात 'र' आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हे असतात. तिसऱ्यात 'र', हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पण पहिल्यात सात चिन्हे आहेत, बाकीच्या दोहोंत आठ. अक्षर न् अक्षर ताडणारे यंत्र म्हणेल की हे शब्द वेगळे आहेत. युनिकोडच्या नियमांप्रमाणे पहिले दोन प्रकार समान मानता येतात, तिसरा त्यांत बसत नाही. मराठीत छापणारा प्रोग्रॅम विद्यार्थ्यांकडून करून घेणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे. विद्यार्थ्याचे उत्तर डोळ्यांना बरोबर दिसेल आणि यंत्र ते चूक ठरवील.

दुसरा दोष : छपाई तीच, अर्थ वेगळा

बरोबर उत्तराला नापास करणे हा त्रास आहे. चुकीच्या उत्तराला पास करणे हा धोका आहे. छपाई ही अर्थाची सावली आहे, आणि दोन वेगळ्या वस्तूंची सावली एकसारखी पडू शकते.

५ ही संख्या आणि '५' हे अक्षर छापले की दोन्हींचा ठसा एकच उमटतो. पण पहिल्यात ५ मिळविले की १० येतात, आणि दुसऱ्याला '५' जोडले की ५५ होतात. डॉकटेस्टमध्ये बाणांपुढे नुसते नाव लिहिले तर अक्षराभोवती अवतरणचिन्हे दिसतात व फरक कळतो. छापण्याची आज्ञा दिली की तो पुसला जातो. त्याचप्रमाणे दोनच दशांश स्थळे छापली, तर पुढच्या सर्व चुका झाकल्या जातात.

याहून बोलके उदाहरण डॉकटेस्टच्याच पोटात आहे. पायथनमध्ये फार दिवस 'खरे' व 'खोटे' यांसाठी १ व ० वापरले जात. २००३ च्या २.३ या आवृत्तीत 'ट्रू' आणि 'फॉल्स' यांचा स्वतंत्र प्रकार रुळला आणि तुलनेचे उत्तर १ ऐवजी 'ट्रू' असे छापले जाऊ लागले. त्याबरोबर जुनी नमुना उत्तरे चुकीची ठरली असती. तेव्हा डॉकटेस्टमध्ये अशी सवलत ठेवण्यात आली की अपेक्षित उत्तर नुसते १ असेल आणि आले 'ट्रू', तरी जुळले असे समजावे. ० आणि 'फॉल्स' यांचेही तसेच. ही सवलत नको असेल तर तसे मुद्दाम सांगावे लागते. म्हणजे छपाई आणि अर्थ यांतील अंतर मिटविण्यासाठी तपासनीसालाच डोळेझाक करावयास शिकविले गेले. ही तडजोड व्यवहार्य होती, यात शंका नाही. पण ज्या चाचणीत १ आणि 'खरे' यांतील फरकच महत्त्वाचा आहे, तेथे ती चाचणी मुकी होते.

तिसरा दोष : नमुना उत्तर लिहिले कोणी?

आमच्या मते हा सर्वांत गंभीर दोष आहे, आणि तो यंत्राचा नसून वापरणाऱ्याचा आहे.

परीक्षेत नमुना उत्तर तज्ज्ञ लिहितो आणि विद्यार्थी वेगळा असतो. फेरचाचणीत पुष्कळदा असे होते की प्रोग्रॅम चालवावयाचा, तो जे छापील तेच फाइलमध्ये साठवावयाचे आणि यापुढे त्याला प्रमाण मानावयाचे. पायथनच्या जुन्या चाचणी-व्यवस्थेत, ताडून न पाहता अपेक्षित मजकुराची फाइलच नव्याने तयार कर, असे सांगण्याचा पर्याय होता. रस्ट या भाषेच्या चाचण्यांत आजही असा पर्याय आहे आणि त्याचे नाव 'ब्लेस' असे आहे. नाव मार्मिक आहे. जे छापले गेले त्याला आशीर्वाद द्यावयाचा. विद्यार्थ्याची उत्तरपत्रिकाच पुढील वर्षीची नमुना उत्तरपत्रिका म्हणून शिक्का मारून ठेवण्यासारखे हे आहे. शिक्का मारण्यापूर्वी कोणी ती वाचली असेल तर हरकत नाही. न वाचता मारला असेल, तर त्या चाचणीला आजचे उत्तर कालच्यासारखेच आहे एवढेच कळते. ते बरोबर आहे की नाही, हे तिला कधीच कळणार नाही.

पायथनमध्ये २.६७५ ही संख्या दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित केली तर उत्तर २.६७ येते. शाळेतील नियमाने ते २.६८ हवे. हा प्रोग्रॅमचा दोष नाही. २.६७५ द्विमान पद्धतीत पुरती मावत नाही व आत साठविलेली संख्या २.६७५ पेक्षा किंचित लहान असते, म्हणून ती खालच्या बाजूस झुकते. याउलट २.५ ही संख्या आत अगदी अचूक मावते. तरीही पायथन ३ मध्ये तिचे पूर्णांकन ३ नव्हे तर २ होते. कारण तेथे बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे न्यावी, असा नियम मुद्दाम स्वीकारलेला आहे. पायथन २ मध्ये हेच उत्तर ३ येत असे. आता ज्याने ही उत्तरे नुसती यंत्राकडून छापून घेऊन साठविली, त्याच्या फाइलीत २.६७ आणि २ शेजारी शेजारी बसतील. एक साठवणीच्या मर्यादेचा परिणाम आहे, दुसरा विचारपूर्वक केलेला नियम आहे, हा भेद फाइलीत कोठेच दिसणार नाही. असाच तिसरा आकडा निव्वळ चुकीचा असला तरी तोही त्यांच्याच पंक्तीला बसेल.

अशा चुकीच्या आकड्याचे पुढे काय होते? कोणी तरी ती चूक हेरून प्रोग्रॅम दुरुस्त करतो. लगेच फेरचाचणी नापास होते. म्हणजे चूक करणारा सुटला आणि सुधारणा करणाऱ्याला चाचणीने अडविले. अनुभवी माणूस फाइल उघडून पाहील. नवखा माणूस आपली बरोबर दुरुस्ती मागे घेईल. चूक पकडण्यासाठी ठेवलेला पहारेकरी चुकीचाच पहारा करू लागतो.

दुसरे मार्ग

या दोषांवर निरनिराळ्या भाषांनी निरनिराळे उपाय योजले आहेत. पर्ल ही भाषा लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हापासून तिच्या चाचण्याही छापतातच. पण त्या उत्तर छापत नाहीत, निवाडा छापतात. आधी 'एक ते इतक्या चाचण्या' असे सांगावयाचे आणि मग प्रत्येकीसाठी 'ओके १', 'ओके २' किंवा 'नॉट ओके ३' अशी ओळ. बरोबर-चूक चाचणीच्या आत ठरते, छपाई फक्त निकालपत्राचे काम करते. किती चाचण्या व्हावयाच्या हे आधीच सांगितलेले असल्याने, मध्येच प्रोग्रॅम कोलमडला तर तेही उघडकीस येते. ही रीत इतकी सुटसुटीत ठरली की पुढे इतर भाषांनीही ती उचलली.

पीएचपीने वेगळी वाट धरली. तिच्या चाचणी-फाइलीत प्रोग्रॅम आणि अपेक्षित मजकूर एकत्रच असतात. मात्र अपेक्षित मजकुरात, येथे कोणतीही संख्या चालेल, येथे कोणताही शब्द चालेल, अशा खुणा घालता येतात. डॉकटेस्टलाही २००४ पासून तीन टिंबे घालून 'मधले काहीही चालेल' असे सांगता येते. उपाय चांगला आहे, पण त्याची किंमत विसरू नये. जेथे 'काहीही चालेल' असे लिहिले तेथे खरोखरच काहीही चालते, चूकसुद्धा.

पायथनने स्वतः हळूहळू साठविलेल्या मजकुराच्या फाइली सोडून दिल्या. २.१ याच आवृत्तीत डॉकटेस्टबरोबर युनिटटेस्ट हे साधनही आले. ते स्टीव्ह पर्सेल यांनी लिहिले आणि त्याची कल्पना केंट बेक यांनी स्मॉलटॉक या भाषेसाठी केलेल्या कामातून आली होती. त्यात छापण्याऐवजी विधान करावयाचे असते : हे दोन संच समान आहेत, हे वाक्य अमुक प्रकारची चूक दाखवून थांबते, या दोन संख्या सात दशांश स्थळांपर्यंत सारख्या आहेत. शेवटचे विधान विज्ञानशिक्षकांना ओळखीचे वाटेल. प्रयोगशाळेत गुरुत्वत्वरण मोजताना आपण ९.८ हाच आकडा हवा असे म्हणत नाही, त्रुटीची मर्यादा ठरवून तिच्या आत ते आहे का, हे पाहतो.

कोएन क्लासन आणि जॉन ह्यूज यांनी २००० मध्ये हॅस्केल या भाषेसाठी मांडलेले क्विकचेक याही पुढे जाते. तेथे ठरावीक उत्तर नसतेच, गुणधर्म असतो. संख्या चढत्या क्रमाने लावणाऱ्या प्रोग्रॅमचे उत्तर साठविण्याऐवजी दोन गोष्टी तपासावयाच्या : प्रत्येक संख्या पुढच्या संख्येपेक्षा मोठी नाही, आणि दिलेल्या सर्व संख्या उत्तरात तितक्याच वेळा आहेत. मग यंत्र स्वतःच शेकडो याद्या बनवून हे पडताळते.

छपाई हाच विषय असेल तेव्हा

एवढे सांगून झाल्यावर एक अपवाद ठळकपणे मांडला पाहिजे. कधी कधी छापलेला मजकूर हेच तपासावयाचे उत्तर असते. विद्यार्थी वाक्यात एक विराम विसरला, तर भाषेने त्याला काय सांगावे? पूर्वी पायथन अशा वेळी पुष्कळदा 'वाक्यरचना अवैध' एवढेच म्हणे. २०२१ मधील ३.१० या आवृत्तीपासून 'येथे अपूर्णविराम अपेक्षित होता' असे सांगते. ही सुधारणा शब्दांतच आहे आणि ती शब्द ताडूनच तपासावी लागेल. रस्टने आपल्या चूक-संदेशांची मोठी कीर्ती मिळविली आहे, आणि तिच्या चाचण्यांत असे संदेश जसेच्या तसे साठविलेले असतात. मात्र फाइलीचा मार्ग, ओळक्रमांक यांसारखे बदलते भाग आधी एका ठरावीक खुणेने झाकून मगच तुलना होते. बदल झाला की आशीर्वाद देण्यापूर्वी माणसाने तो वाचावा, अशी अपेक्षा असते. तेथे हे साधन आपल्या जागी आहे.

डॉकटेस्टच्या बाबतीतही न्याय असाच केला पाहिजे. त्याच्या माहितीपुस्तिकेतच संचाचा क्रम, वस्तूंचे स्मृतीतील पत्ते आणि दशांश अपूर्णांक यांविषयी स्पष्ट इशारे दिलेले आहेत. उदाहरणांत ३/४ सारखे, छेदस्थानी २ चा घात असणारे अपूर्णांक घ्यावेत, असा सल्लाही आहे, कारण ते द्विमान पद्धतीत अचूक मावतात. दोष साधनाचा कमी आणि ते जेथे लागू नाही तेथे लावणाऱ्याचा अधिक आहे.

वर्गात काय करता येईल?

अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिक वहीत प्रोग्रॅम लिहून त्याखाली आउटपुट उतरवून घेण्याची चाल सर्वांना माहीत आहे. आता विचार करा. विद्यार्थ्याने ३५ गुणांना उत्तीर्ण ठरविणारा प्रोग्रॅम लिहिला, पण '३५ किंवा अधिक' ऐवजी '३५ हून अधिक' अशी अट घातली. त्याने ३५ देऊन प्रोग्रॅम चालविला, यंत्राने 'अनुत्तीर्ण' छापले, त्याने ते वहीत उतरविले. वही नीटनेटकी, आउटपुट प्रोग्रॅमशी तंतोतंत जुळणारे, शेरा 'बरोबर'. नेमक्या ३५ गुणांच्या मुलाचे काय झाले, हे कोणी विचारले नाही. वहीतील आउटपुट हे यंत्राचे म्हणणे होते. विद्यार्थ्याचे म्हणणे काय, हे वहीत कोठेच नव्हते.

यासाठी आम्ही चार साधे बदल सुचवितो. प्रोग्रॅम चालविण्यापूर्वी विद्यार्थ्याने अपेक्षित उत्तर शाईने लिहावे आणि शेजारी कारण द्यावे. मग यंत्राचे उत्तर त्याखाली लिहावे. दोन्ही जुळले नाहीत तर कोण चुकले, हे दोन वाक्यांत सांगावे. अशा न जुळलेल्या उदाहरणाला गुण कापू नयेत. उलट चांगल्या स्पष्टीकरणाला अधिक द्यावेत. १०० ला ३ ने भागल्यावर यंत्र ३३.३३३३३३३३३३३३३३६ छापते, तेव्हा शेवटचा ६ कोठून आला, हा तासभर पुरेल असा प्रश्न आहे.

दुसरे, सीमेवरची उदाहरणे मागावीत : शून्य, ऋण संख्या, रिकामी यादी, नेमके ३५. ऋण ७ ला २ ने भागून पूर्णांक भागाकार काढला तर पायथन ऋण ४ देते आणि सी ही भाषा ऋण ३ देते. दोन्ही भाषा आपापल्या नियमाने बरोबर आहेत. आधी उत्तर लिहावयास लावले, तर विद्यार्थ्याला नियम शोधावाच लागतो.

तिसरे, जेथे जमेल तेथे उत्तराऐवजी गुणधर्म तपासावयास सांगावे. वर्गमूळ काढणाऱ्या प्रोग्रॅमच्या उत्तराचा वर्ग करून तो मूळ संख्येजवळ येतो का ते पाहणे, हे छापील आकडे ताडण्यापेक्षा गणिताला धरून आहे.

चौथे, तपासनीस यंत्र असेल तर त्याची कडकपणाची पातळी आधी सांगावी. ओळीच्या शेवटी राहिलेल्या एका न दिसणाऱ्या मोकळ्या जागेसाठी विद्यार्थी नापास होणार असेल, तर तो नेमकेपणा नव्हे. त्यातून विद्यार्थी एवढेच शिकतो की बरोबर असणे आणि जुळणे या एकच गोष्टी आहेत.

हा गैरसमज संगणकाच्या तासापुरता राहत नाही. पाठ केलेली व्याख्या नमुन्याशी जुळली म्हणून पूर्ण गुण आणि स्वतःच्या शब्दांत नीट सांगितलेली व्याख्या जुळली नाही म्हणून अर्धे गुण, हे आपण आपल्या हातांनीही करू शकतो. फेरचाचण्यांचा तीन दशकांहून अधिक काळचा अनुभव असे सांगतो की, यंत्राला तपासनीस केले तरी दोन कामे माणसाकडेच राहतात : बरोबर म्हणजे काय हे आधी ठरविणे, आणि नमुना उत्तरावर सही करण्यापूर्वी ते वाचणे.